डोंगरावर दमली ती जुबेदा नव्हे

उंच डोंगर चढायचा त्या दिवशी मी सकाळपासून पाण्याचा एक घोट घेतला नाही. कारण सांगते, खुशाल हसा. कुवेतच्या वाळवंटात पिकनिकला जाताना आम्ही बायका पाणी पीत नसू, कारण मैलोन् मैल आडोसा नसतो. तेच शहाणपण मी किलिमांजारोवर घेऊन गेले, जिथे पायथ्यापासून झुडपंच झुडपं! शेहेचाळीस वर्षांची होते. या वयात माणसाला अक्कल येते म्हणतात; मी फक्त महागडे बूट आणले होते.

जुबेदाला जाऊन आता पाच आठवडे होतील. तिच्या मुलीचा, निलोफरचा, सकाळी फोन आला. "आंटी, अम्मी गेली." मी फोन कानाला धरून नातवाच्या डब्याचं झाकण लावत राहिले. एकच झाकण, तीनदा.

ती दापोलीकडची. कुवेतच्या जाब्रिया भागातल्या एका दवाखान्यात दिवसभर उभं राहून लोकांचं रक्त तपासायची. बुटकी, गोल, चालणं संथ. मी नाशिकची, रिफायनरीतल्या इंजिनिअरची बायको, शिडशिडीत आणि त्याचा गर्व असलेली. सलवा भागातल्या आमच्या इमारतीत ती वरच्या मजल्यावर राहायची. पाठीवर पिशव्या टाकून पंधरा दिवस टांझानिया फिरायचं ही कल्पना तिची. "समुद्र जन्मापासून बघितला, वाळू इथं बघितली. आता आग ओकलेला डोंगर बघायचा, भाभी," म्हणाली. दोन वर्षं सुट्टी साठवली होती तिनं. मी सराव केला तो इमारतीचे सहा मजले चढून. उतरताना लिफ्ट! कुवेतमध्ये टेकडी म्हणजे उड्डाणपूल, हे विसरून मी तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना गिर्यारोहणावर व्याख्यानं देत असे. लहानपणी एकदा कळसूबाई चढले होते ना, तेवढ्या भांडवलावर.

शिखरावर जायची ऐपत आमच्या फुप्फुसांत नव्हती. एका दिवसात चढून उतरायचं, ते साडेतीन हजार मीटरच्या वरच्या लाव्ह्याच्या पठारापर्यंत. त्याच्या कडेवरून शिखर समोर उभं दिसतं, एवढंच जुबेदाला हवं होतं. वाटाड्या सारखं सांगत होता, सावकाश चला, पाणी प्या. जुबेदा सावकाश चालत होती, पाणी पीत होती. मी पुढे पळत होते आणि वळून म्हणत होते, "अगं, ये ना! बाजारात आलीयेस का?"

दुपारी डोकं ठणकायला लागलं. मी म्हटलं, पित्त आहे. उलटी झाली, तेव्हाही पित्तच. पठाराची कड पाऊण तासावर होती. जुबेदानं माझे ओठ पाहिले, नखं दाबून पाहिली.

"भाभी, सरळ रेषेत चालून दाखव."

मी चालले आणि एका दगडाला मिठी मारली.

"खाली," ती वाटाड्याला म्हणाली.

"तू जा ना पुढे, मी इथे बसते," मी म्हटलं. ते तरी खरं म्हटलं होतं का... आता आठवत नाही.

"गप गो. तुला काय झालं तर भाईंना काय तोंड दाखवू?" तिनं वरच्या कडेकडे एकदाच बघितलं. धुकं होतं. मग माझी पिशवी स्वतःच्या छातीवर अडकवली नि मला धरून उतरवत आणलं.

परतल्यावर मंडळाच्या जेवणात कोणीतरी विचारलं, "काय, शिखर दिसलं का?" माझे ते बूट, माझी ती व्याख्यानं! मी म्हणाले, "दिसलं असतं हो. पण जुबेदा दमली. तिला सोडून कशी जाणार?" जुबेदा समोरच ताट घेऊन उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि सगळ्यांना लगेच पटलं. एकानंही विचारलं नाही, खरंच का? ती हसून म्हणाली, "काय करू, गुडघे!" तिचे गुडघे ठणठणीत होते. मी आणखी एक गुलाबजाम घेतला. त्या बाईचा मला आजही तिटकारा येतो, त्या गुलाबजाम खाणारीचा.

पुढची वीस-बावीस वर्षं आम्ही एकमेकींच्या घरी उठलो-बसलो, पण ते वाक्य मी परत घेतलं नाही. उद्या घेऊ, म्हणत राहिले. तिनंही कधी काढलं नाही.

मंडळानं शोकसभा ठेवली. सेक्रेटरी बोलायला उठले आणि कौतुकानं म्हणाले, "डोंगरावर अर्ध्यात दमल्या, पण उत्साह बघा!" लोक हळवं हसले. मी उठले. पाणी, पित्त, दगड, पाऊण तास, गुलाबजाम... सगळं सांगितलं. मला वाटलं, झालं एकदाचं. तर सेक्रेटरी डोळे पुसत म्हणाले, "बघा, काकूंचं मन किती मोठं! मैत्रिणीसाठी दोष स्वतःवर घेतला." बायकांनी माना डोलावल्या. खोटं मी एका वाक्यात पटवलं होतं. खरं अर्ध्या तासात कोणाच्या गळी उतरेना.

निघताना दाराशी निलोफर भेटली. म्हटलं, ही तरी तिची मुलगी. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "थँक यू, आंटी. पण अम्मीनं मला स्वतः सांगितलं होतं, तीच दमली होती म्हणून. तिच्यासाठी एवढं खोटं बोललात, मी कधी नाही विसरणार."