कारण न लिहिलेले दहा फूट

श्री. ज्ञानदेव सखाराम वाबळे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे आबा, यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या अर्धवट बांधलेल्या कुंपणाच्या भिंतीपाशी उकिडवे बसले होते. हातात लोखंडी टेप, कानावर पेन्सिल. मी शाळेतून आले होते, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. त्यांनी वरही न बघता विचारलं, "भिंत कुणी आखली?" मी म्हटलं, "गवंड्यानं." ते म्हणाले, "गवंड्याला सांगा, नऊ इंच रस्ता चोरलाय त्यानं. द्या परत." एवढं बोलून ते उठले आणि सायकलवर बसून निघून गेले. चहा विचारायचीही सोय ठेवली नाही. तीस वर्षं मुलांना धाकात ठेवलेली मी बाई, पण त्या दिवशी मला घाम फुटला. भिंत पाडली, दुसरी बांधली, आणि पुढचं वर्षभर त्यांना शिव्या घातल्या. अर्थात मनातल्या मनात.

संपादक मंडळानं मला बजावलं आहे, "बाई, आबांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ आहे, लेख जरा प्रसन्न असू द्या." प्रयत्न करते. पण मला आबांबद्दल खरं लिहायचं, तर भीतीबद्दलच लिहावं लागेल. आधी मला त्यांची भीती वाटायची. मग एका दिवसात ती भीती पालटली आणि वेगळीच होऊन बसली. ती आजही गेलेली नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या अलीकडे आमची बंगल्यांची सोसायटी आहे. साठ प्लॉट. पूर्वी हे सगळं शेत होतं. सोसायटीत कुणालाही खोली वाढवायची, मजला चढवायचा, साधा पत्रा टाकायचा, तरी आधी बांधकाम समितीचा ना हरकत दाखला लागतो. या समितीचे अध्यक्ष पहिल्यापासून आबा. ते मूळचे मोरगावकडचे, जिराईत गावातले. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली, म्हणून जमीन आणि पाणी यांचं नातं त्यांना पाठ. नवीन पाया खणला, की आबा तांब्याभर पाणी घेऊन जाणार, खड्ड्याच्या कडेला ओतणार आणि ते कसं जिरतं हे बघत बसणार. लोक हसायचे. "आबा, पिंडीला पाणी घालताय व्हय?" आबा म्हणायचे, "घालतोय. तूबी हात जोड."

नियमाला ते कठोर, पण नियम माणसासाठी आहे हे त्यांना कुणी शिकवायला नको. आमचे हे पडले आणि दोन्ही पाय अधू झाले, तेव्हा दारापुढे उतरता ओटा करणं भाग होतं. तो करायचा म्हणजे सोडलेल्या जागेत बांधकाम येणार, नियम मोडणार. मी अर्ज करायला धजत नव्हते. एक दिवस आबाच अर्ज लिहून घेऊन आले. "बाई, हितं सही करा. सभेत मी बोलतो." मंजुरी मिळाली. ओटा झाल्यावर त्यांनी यांची चाकाची खुर्ची मागून घेतली, स्वतः तीत बसले आणि तीन वेळा वरखाली जाऊन बघितलं. मग गवंड्याला म्हणाले, "चढ जास्त हाय. मास्तरांचे हात दुखतील. काढ आणि पुन्यांदा कर." यांना जाऊन चार वर्षं झाली, ओटा अजून तसाच आहे.

मी निवृत्त झाल्यावर आबांनीच मला समितीत ओढलं. आणि आता जे सांगायचं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हा गौरव खोटा होईल.

तीन वर्षांपूर्वी आबा दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनांसाठी तीन महिने लेकीकडे पुण्याला गेले. जाताना समितीचा शिक्का माझ्याकडे देऊन म्हणाले, "मी येईस्तवर कुणाला मोठी परवानगी देऊ नका." मी बरं म्हटलं. आठ दिवसांत तुकारामतात्या आले. तात्या कळसचे, डाळिंबाचे बागायतदार. नातवंडांच्या शाळेसाठी इथं घर घेतलेलं, प्लॉट नंबर सत्तावीस. त्यांची सून रोहिणी शिवणकाम शिकवते, तिच्या वर्गासाठी पूर्वेच्या अंगाला चार कॉलमवर पडवी आणि वर एक खोली काढायची होती. अडचण एकच. सोसायटीच्या नियमात सगळ्यांना कडेनं पाच फूट जागा सोडायची, पण सत्तावीस नंबरला पूर्वेकडून दहा. का दहा, हे कुठंही लिहिलेलं नाही.

तात्या म्हणाले, "म्याडम, सगळ्यास्नी पाच आन् मलाच धा? मी काय सावत्र हाय का?"

मला ते पटलं. कागद उलटेपालटे करून बघितले, कारण सापडेना. मी गणित शिकवलेली बाई. कारण नसलेला नियम मला खपत नाही. मला वाटलं, जुनी कुणाची तरी खुन्नस असणार, आणि आबा केवळ सवयीनं ती पुढं रेटतायत. मी शिक्का काढला आणि ऐटीत लिहिलं, "पाच फूट अंतर सोडून बांधकामास हरकत नाही." अन्याय दूर केल्याच्या आनंदात त्या रात्री मला झोपही छान लागली. मेली अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

तात्यांनी त्या एका कागदावर काम सुरू केलं, बाकीचे कागद "होतील की" म्हणून मागं ठेवले. आबा परत आले तेव्हा स्लॅब होऊन आधाराचे बांबूसुद्धा निघाले होते. मी फाइल घेऊन मोठ्या तोऱ्यात त्यांच्याकडे गेले. डोळ्यांवर काळा चष्मा होता, म्हणून मीच वाचून दाखवलं. सत्तावीस नंबर ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आत्ता तितं कोण हाय?"

साडेअकरा वाजले होते. मी म्हटलं, "रोहिणीचा वर्ग असेल."

"बाई, तितं विहीर हाय," ते म्हणाले, आणि चपला न घालता निघाले.

मी मागोमाग धावले. वाटेत त्यांनी तुटक तुटक सांगितलं. प्लॉट पाडले तेव्हा शेतातली जुनी विहीर बुजवली होती. राख, गवत, फुटक्या विटा, हाताला येईल ते ढकललं. बुजवलेल्या विहिरीवर घर नांदत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. विहिरीचं नाव काढलं तर प्लॉट कोण घेणार, म्हणून तेव्हाच्या मंडळींनी आबांना सांगितलं, लिहू नका. आबांनी विहीर लिहिली नाही, त्याऐवजी दहा फूट लिहिले. "अंतर लिवलं, कारण लिवलं न्हाय," ते दोनदा म्हणाले.

पडवीत सात बायका मशिनवर बसल्या होत्या. डोक्यावर नवा कोरा स्लॅब. दोन दिवसांपूर्वी कालव्याला पाणी सुटलं होतं, म्हणजे जमिनीखालीही पाणी चढत होतं. आबा म्हणाले, "पोरींनो, भाईर या. मशिनी ऱ्हाऊ द्या." रोहिणी हसली. "आबा, वर्ग सुटायला अजून तासभर हाय." तेवढ्यात तात्या आले आणि त्यांचा पारा चढला. "सही तुमच्याच समितीची हाय! आता काय नवं काढलं? माझ्या घरात येऊन बाया उठवताय?"

आबांनी पाणी मागितलं. एका कॉलमच्या बुडाशी तांब्या ओतला, पाणी थबकून राहिलं. कडेच्या कॉलमशी दुसरा ओतला. पाणी गेलं. जिरलं नाही, गेलं. आत कुठंतरी गुडगुड असा आवाज झाला आणि तो मी माझ्या कानांनी ऐकला.

"उन्हाळ्यात पाणी जिरतंच की!" तात्या म्हणाले, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

तेव्हा आबांनी जे केलं त्यासाठी हा सगळा लेख. त्यांना माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं. मी सांगितलेलं ऐकलं नव्हतं, सही माझी होती. ते सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "तात्या, गुन्हा माझा हाय. हितं विहीर व्हती, मी ती लपवली. बाईंना ठाऊक न्हवतं. मला शिव्या द्या, पर आदी बाया भाईर, मग भांडण."

बायका उठल्या. एकेक करून अंगणात आल्या. रोहिणी मात्र पुन्हा आत गेली, कुणाचं तरी लग्नाचं ब्लाउज मशिनवर राहिलं होतं म्हणून. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी ओरडले नसेन. ती बाहेर येईपर्यंत आबा त्या स्लॅबखाली उभे होते, तिच्या वाटेत, कॉलमला हात लावून. जणू हातानं तो तोलणार होते! मी म्हटलं, "आबा, तुम्ही या हो!" त्यांनी ऐकलं नाही. ती बाहेर आली, मगच ते आले.

आणि काहीच झालं नाही. एक वाजला, दोन वाजले. बायका कुजबुजायला लागल्या. तात्यांनी आबांना नको नको ते सुनावलं. आबा कट्ट्यावर बसून ऐकत होते, पण कुणाला आत जाऊ देत नव्हते. तीन वाजता मलाच वाटायला लागलं, की म्हातारा उगाच घाबरला. लाज वाटते, पण खरं आहे.

चारच्या सुमारास कडेचा कॉलम खाली बसला. धडाम वगैरे काही नाही. एक लांब कुरकुर झाली, स्लॅबची ती बाजू हातभर खाली आली, आणि दोन मशिनी तिच्याखाली चेपल्या. धूळ बसली. मग तात्या आबांच्या शेजारी कट्ट्यावर येऊन बसले. रोहिणीनं ते ब्लाउज छातीशी धरलेलं होतं, आणि ती मोठ्यानं रडत होती.

पुढच्याच सभेत आबांनी दप्तरात विहीर लिहायला लावली, ती लपवणाऱ्याच्या नावासकट. राजीनामाही दिला. तो नामंजूर करा असं सुचवणारे तुकारामतात्या होते. "ह्यांना सोडलं तर आमच्या खाली काय हाय ते सांगणार कोण?" ते म्हणाले. प्रत्येकाला आपापलं घर आठवलं. मलाही.

तेव्हापासून आबा आणि मी सकाळी एकेका प्लॉटवर जातो, एका प्लॉटला कधी पंधरा-वीस फेऱ्याही होतात. ते सांगतात, मी वहीत लिहिते. इथं चुन्याची भट्टी होती. इथून ओढा वळवला. इथं काळी माती पुरुषभर, मुरूम त्याच्या खाली. एका प्लॉटला एक पान. गुडघे दुखतात, ऊन लागतं, पण आबा थांबत नाहीत. त्यांना घाई झाली आहे, आणि ती कशाची हे मी विचारत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही एका तरुण जोडप्याच्या दारात उभे होतो. त्यांना मजला चढवायचा आहे, नकाशे तयार आहेत. आबा बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. "हितं काय व्हतं बरं," असं पुटपुटले. प्लॉटला दोन फेऱ्या मारल्या. मग पायरीवर बसले. मी म्हटलं, "आठवेल हो आबा, घाई काय आहे?"

"न्हाय आठवत, बाई," ते म्हणाले. मी त्यांना असं घाबरलेलं त्या स्लॅबखालीसुद्धा पाहिलं नव्हतं. "लिवा. वाबळ्याला ठाऊक न्हाय. खड्डा घेऊन बघितल्याबिगर परवानगी न्हाय." मी लिहिलं. ते जोडपं आमच्याकडे बघत राहिलं, आणि त्यातल्या मुलीनं हळूच पायाखालची फरशी बघितली.

आबा, या ग्रंथात सगळे तुम्हाला उदंड आयुष्य चिंततील, तसं मीही चिंतते. तुमचे गुडघे चालते राहोत, दृष्टी शाबूत राहो, आणि शेवटच्या दिवसापर्यंत सगळं लख्ख आठवत राहो. हे तुमच्यासाठी मागते असं म्हणायची रीत आहे. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? वहीची सोळा पानं अजून कोरी आहेत, आणि त्या सोळाही घरांत माणसं राहतात.