जोडा पायात घाला, मालक

डोळे उघडले तेव्हा माझ्या तोंडावर पाटलाचा जोडा होता.

शेलूबाजारचा आठवडी बाजार. मी अकरा-बारा वर्षांचा. अब्बा पाटलाच्या ओट्याखाली गाद्यांची रुई पिंजत होते, मी सारखी करून देत होतो. तिथेच मला मिरगी आली. मिरगी आलेल्याला जोडा हुंगवतात, आमच्याकडे हाच इलाज. अब्बांच्या वहाणा बाजूलाच पडल्या होत्या, त्याही चालल्या असत्या. पण पाटलाने पायातला काढून गड्याकडे दिला आणि गड्याने तो माझ्या नाकावर दाबून धरला. मी शुद्धीवर आलो तरी काढला नाही. शेण, तेल आणि घाम. पाटील म्हणाला, "बरं वाटते ना? मंग रोज सकाळी येऊन हुंगून जात जाय."

बाजार हसला. अब्बा मान खाली घालून रुई गोळा करत राहिले. मला जोड्यापेक्षा त्या मानेचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

जोड्याने मिरगी जात असती तर मी कधीच ठणठणीत झालो असतो, इतके जोडे हुंगले. शाळेत मास्तरांनी दाराबाहेर बसवलं. पिंजायला कोणी सोबत घेईना. शेवटी मंगरूळच्या एका मिस्त्रीने सायकलच्या दुकानात ठेवून घेतलं. म्हणाला, "पडला तं उचलू. पाने जागेवर ठेवत जाय." माझ्या रोगावर तो आयुष्यात एवढंच बोलला. त्याच्याकडे मी सायकल शिकलो. वाशीमच्या दवाखान्यातून एक खारट औषध मिळायचं. ते पोटात असलं की महिना-महिना बरा जायचा. बाटली संपली की पुन्हा बैलगाडीने वाशीम. नदीला पाणी असलं तर तेही नाही.

त्या काळी गावोगाव सायकलचे खेळ व्हायचे. मैदानात चऱ्हाट बांधून गोल रिंगण करायचं आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत जमिनीला पाय न टेकता फिरत राहायचं. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर. लोक चादरीवर जोंधळा टाकायचे, कापूस टाकायचे, असेल त्याने पैसा. गावात धर्माचा दवाखाना व्हावा म्हणून पाटलाने तोच खेळ मांडला, तीन दिवसांचा. सायकल चालवायला मला बोलावलं. मी गेलो. माझं औषध माझ्या गावात मिळणार असेल तर मी तीन काय, तीस दिवस फिरलो असतो.

पहिला दिवस मजेत गेला. हात सोडून चालवली. चालत्या सायकलवर भाकर खाल्ली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढी माणसं माझ्याकडे पाहत होती आणि मी मातीत पडलेलो नव्हतो, असं पहिल्यांदाच घडत होतं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाटलाने डफडं थांबवलं. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "लोकहो, हा मिरगीचा रोगी आहे. कवा पडन याचा नेम नाई. अशा बिचाऱ्यायसाठी दवाखाना पाह्यजे."

टाळ्या बंद झाल्या. गर्दी मात्र वाढली. चादर भरली. हँडल जरा हललं की सगळे माना पुढे काढायचे. मी चालवतो कसा, ते कोणाला पाहायचं नव्हतं. मी पडतो कधी, ते पाहायला ते आले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तहसीलदार येणार होते. त्याआधी पाटील रिंगणात आला आणि माझ्या सायकलसोबत चालत हळूच म्हणाला, "साहेब आले की एकडाव पड."

"मिरगी नाई आली, मालक."

"आली असं दाखव. साहेबाले दया आली तं दवाखाना मंजूर होते. तुह्यासाठीच करून राह्यलो ना? मी जोडा घेऊन उभाच राहतो."

खोटं कशाला सांगू, रिंगणाची एक फेरी मी विचार केला. आजवर फुकट पडलोच होतो. एकदा पडून बाटली गावात येत असेल तर काय वाईट? पण जोड्याचं नाव निघालं आणि तो वास नाकात आला. अब्बांची मान दिसली.

"नाई पडत," मी म्हणालो.

"काहून?"

"येते तवा पडतो. तुमी म्हणता म्हणून नाई."

तहसीलदार येऊन खुर्चीवर बसले. उन्हाने डोकं तापलं होतं. आणि जिभेवर लोखंडाची चव आली. डाव्या हाताची बोटं आखडू लागली. खरीच येत होती. आधी एवढी खूण मला मिळते, फार तर मिनिटभर. तसाच फिरत राहिलो असतो तर सायकलसकट कोसळलो असतो, अगदी पाटलाला हवा तसा.

मी ब्रेक दाबला. पाय जमिनीवर टेकवले. खेळ मोडला. सायकल स्टँडला लावली, चऱ्हाटाशी बसलेल्या अम्माला हाक मारली आणि स्वतःहून कुशीवर आडवा झालो. तिने ओढणीची घडी डोक्याखाली सरकवली. पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तो त्याच वासाने. या वेळी गडी नव्हता. साहेब पाहत होते म्हणून पाटलाने स्वतः जोडा धरला होता आणि अम्मा त्याचा हात दूर लोटत होती. माझ्या अंगात ताकद नव्हती. तरी तो जोडा मी हातात घेतला, उठून बसलो आणि त्याच्या पायापुढे ठेवला.

"जोडा पायात घाला, मालक. माह्या नाकाले याचं काई काम नाई."

कोणी हसलं नाही. पाटील लाल होऊन म्हणाला, "लेका, दवाखाना बुडवला तू."

पाटलाने पुन्हा नाव काढलं नाही, दवाखाना झाला नाही. गाव अजून मला बोल लावतं. रात्रीबेरात्री कोणाचं लेकरू तापलं की तो बोल मलाही लागतो. पण त्या दिवशी पाटलाच्या सांगण्यावरून पडलो असतो तर उभा राहायला मला जागाच उरली नसती.

आता पीक निघालं की मी मिस्त्रीची सायकल काढतो. रिठदला जातो, मानोऱ्याकडच्या तांड्यांवर जातो. रिंगण माझं, चादर अम्माची. जमेल ते मिरगीवाल्यांच्या औषधाला. डफडं वाजायच्या आधी मी स्वतःच सांगतो, "मले मिरगी येते. पडलो तं कुशीवर करा. जोडा पायातच राहू द्या." ऐकून काही जण उठून जातात. जाऊ द्या.

मी पडेन. रिंगणात पडेन, रस्त्यावर पडेन, मरेपर्यंत पडत राहीन. कोणाला दया यावी म्हणून एकदाही पडणार नाही.