पिराप्पाच्या जीपचा रंग

नागूबाई शाळेत दुसरीपर्यंत गेली होती, तीही अधूनमधून. पण रंगाचं म्हणाल तर अख्ख्या कमलनगरात आपल्याएवढं शहाणं कुणी नाही, असं तिचं स्वतःबद्दल पक्कं मत. तीस वर्षं तिनं लोकांच्या भिंती चुन्यानं रंगवल्या होत्या.

नवऱ्याच्या, पिराप्पाच्या, बापजाद्यांनी मेंढरं हाकली. यानं प्रवासी जीप हाकली. गुडघे गेले तशी दिवाळीनंतर जीप विकली आणि जो ओट्यावर बसला तो बोलेचना. काही विचारा, नुसतं ‘हूं’. नागूबाईला आधी बरंच वाटलं. पंधरा दिवसांत मात्र ती त्या ‘हूं’ला भ्यायला लागली.

म्हणून तिनं नातीला, तुळजाला, कामाला लावलं. पोरीनं बिदरहून वीतभर खेळण्यातल्या जीपचे सुटे भाग आणून जोडले आणि रंगाच्या बाटल्या मांडल्या.

“सर तिकडं. ती जीप मी बावीस वर्षं बघितलीय,” नागूबाई म्हणाली.

बशीत पांढरा ओतला, त्यात पिवळ्याचा थेंब, तांबड्याचं बोट.

“आजी, लई गडद व्हायलाय.”

“गप गं. वाळला की उजळतो.”

चुना उजळतो. हा बाटलीतला रंग वाळून आणखीच गडद झाला. जीप खरपूस भाकरीसारखी दिसायला लागली.

“चुना असता तर बरोबर आलं असतं.”

“चुन्यानं जीप कोण रंगवतंय, आजी?”

मग शहाणपण गुंडाळून ती पुठ्ठ्यावर एकेक ठिपका देत, पदरानं वारा घालत बसली. नववा ठिपका वाळल्यावर मनासारखा झाला.

रंगवलेली जीप तिनं पिराप्पाच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती उलटीसुलटी केली.

“कुणाची ही?”

“तुमचीच की!”

“माझी जीप पांढरी होती.”

नागूबाईच्या आत्ता ध्यानात आलं. एवढा जीव टाकून तिनं कालवला होता तो रंग जीपचा नव्हताच, वाटेवरच्या धुळीचा होता.

“पांढरी? कवा धुतली ती, सांगा की.”

“दर शनिवारी धुवायचो! तुला दिसलं न्हाई तर मी काय करू? अन् असल्या डोळ्यानं लोकांची घरं रंगवलीस व्हय गं?”

आवाज पार गल्लीच्या टोकाला गेला. तुळजा घाबरून बाहेर आली. नागूबाईनं तोंड पाडलं, जमेल तेवढं.

“मग कालवा तुमीच.”

“आण तो पांढरा इकडं. अन् बाजूला हो, उजेड कामून अडवायलीस?”