जेटातली टाचणी

धसईला आमचा लग्नकार्यांचा हॉल आहे. त्यासाठी गालिचे धुण्याचं मशीन मीच वडिलांना घ्यायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी हॉलवर एका गिऱ्हाइकाचा साखरपुडा होता, आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षाराने मशीनचे पाणी फवारणारे दोन्ही पितळी जेट तुंबले होते. त्याचं इंग्रजी माहितीपुस्तक घरात मला एकटीलाच वाचता येतं. जेटात टाचणी घालू नका, असं त्यात ठळक छापलेलं होतं. मी घातलीच.

मग मशीन घेऊन मुरबाडला, फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने जेट व्हिनेगरमध्ये भिजवले, एक उचलून उजेडाकडे धरला आणि एक डोळा मिटला.

"टाचणी कोनी घातली?"

"आमच्याकडच्या माणसाने."

"पितळ मऊ असतं, ताई. भोक मोठं झालं की फवारा ऱ्हात नाय, धार होते. थोडक्यात वाचलाय."

त्याने झाडूची एक हीर मोडली, उलट्या बाजूने हळूच फिरवली आणि फुंकर मारली. दुसरा जेट माझ्या हातात दिला. "हा तुमी करा. मानसाला शिकवता येल."

मी फुंकलं. पांढरं पाणी माझ्याच चष्म्यावर उडालं. तो घाईघाईने पाठ फिरवून पंप शोधू लागला. पंप समोरच होता.

जेट लावल्यावर दोन्ही फवारे पंख्यासारखे पसरले. मी निघताना तो म्हणाला, "तुमच्या मानसाला सांगा, हात चांगलाय त्याचा. उगा घाबरतो."