अक्कांचं बिननावाचं पुस्तक

आठवीत आम्हांला जी कादंबरी होती, तिचं नाव आमच्या इंग्लिशच्या अक्कांनी वर्ष संपेपर्यंत सांगितलं नाही. शाळेच्या सगळ्या प्रतींना खाकी कव्हर, नावाचं पान स्टेपल केलेलं आणि पानापानाच्या डोक्यावर छापलेलं नाव मार्करनं काळं केलेलं. हा उद्योग त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकटीनं बसून केला होता. "नाव कळालं की मोबाइलात शेवट बघता तुम्ही," त्या म्हणत. "मग माझ्या तोंडाकडं कोण बघणार?" तास संपला की प्रती कपाटात जायच्या आणि किल्ली अक्कांच्या पर्समध्ये.

त्यांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळुरात काढलेलं, त्यामुळे बोलण्यात कानडी यायचंच. "सरी, स्वल्प हळू," म्हणजे 'बरं, जरा हळू', हे मी तर रोज ऐकलं. मी बेळगावकडच्या मराठी शाळेतून थेट इथे बंगळुरात येऊन आदळले होते आणि माझ्या इंग्लिशचा सगळा आनंदीआनंद होता. बाबा शिवाजीनगरातल्या एका गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचे. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "सहामाहीत इंग्लिशात नापास झालीस की परत आजीकडं." आईबाबांना सोडून एकटीनं परत जायचं नव्हतं मला.

कादंबरी होती डोंगरावरच्या एका वसतिगृहाची. तिथून एक मुलगी नाहीशी होते आणि तिची धाकटी बहीण तिला शोधायला निघते. अक्का वाचता वाचता नेमक्या दाराची मूठ फिरली की गप्प बसायच्या. "पुढचं कुणाला पाहिजे? ज्याला पाहिजे त्यानं वाचा." अडखळणाऱ्याला कुणी हसत नसे, कारण हसण्यात वेळ गेला तर दार उघडायचं राहून जाई. शेवटी एक दिवस मलाच राहवेना, मी हात वर केला. एक परिच्छेद वाचायला मी इतका वेळ लावला की मागून कुणीतरी "अय्यो" म्हणालं. पण दार मी उघडलं.

तरी सहामाहीत मी नापास झालेच. बाबा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले, तेही नेमके आमच्या तासाला. "दाखल्याचं नंतर बघू," अक्का म्हणाल्या, "आत्ता माझा तास आहे. मागं बसा." बाबा शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. मी वाचायला उभी राहिले, आणि अक्का त्यांच्याशेजारी उभ्या राहून हळू आवाजात मराठीत सांगत गेल्या. घंटा झाली तेव्हा धाकटी बहीण तळघरात उतरली होती आणि वरून कुणीतरी कडी लावली होती.

"कडी कुणी लावली, अक्का?" बाबांनी विचारलं.

"मला नका विचारू. पोरीला विचारा, रोज घरी येऊन सांगेल ती."

बाबा दुमडलेले गुडघे सोडवत उठले. मग म्हणाले, "बरं. गोष्ट संपू दे. संपली की नेतो हिला."

तेव्हापासून जेवायला बसलं की पहिला प्रश्न, "आज कुठवर आलं?" सांगायचं म्हणजे आधी समजायला हवं, म्हणून मी वर्गात कानात प्राण आणून ऐकू लागले. "तो वॉर्डनच असणार," बाबा म्हणायचे. "लई गोड बोलतोय." आई म्हणायची, "आधी भाकरी खावा, मग चोर धरा."

आणि त्याच सुमारास अक्कांचं वाचन मंदावलं. कालचंच पान आज पुन्हा, एकेका वाक्यावर सगळा तास. वर्ग वैतागला. पोर्शन मागे पडला म्हणून हेडमिस्ट्रेसनी त्यांना व्हरांड्यात सर्वांदेखत झाडलं. अक्का मान खाली घालून ऐकत राहिल्या आणि आत येऊन त्यांनी पुन्हा तेच पान उघडलं. मला त्यांची दया आली. वाटलं, वय झालं बिचाऱ्यांचं. शेवटचं पान वाचलं तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. मी पास झाले, आणि दाखल्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

अक्का त्याच वर्षी निवृत्त झाल्या. परवा, नोकरी लागल्याचे पेढे घेऊन मी त्यांच्या बनशंकरी भागातल्या घरी गेले. आता त्यांना फार दिसत नाही. बोलता बोलता मी सहज विचारलं, "अक्का, त्या वर्षी ते पुस्तक इतकं रेंगाळलं कसं हो?"

"रेंगाळलं कुठलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी शब्द दिला तेव्हा थोडीच पानं उरली होती गं. तेवढीच मार्चपर्यंत पुरवायची होती मला."