नारळ बाहेर फोडावा

सरकारी कॉम्प्युटर पाण्यानं धुणारी बाई म्हणून शेवंती नाखवा यांचं नाव आमच्या शाळेत अजून निघतं आणि लोक हसतात. त्यांनी तो का धुतला, हे कुणी विचारत नाही. कारण मी सांगतो. त्या कॉम्प्युटरवर मी नारळ फोडला होता.

मी सुधीर आठल्ये. ठाण्याला खोपटच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायचो. पंच्याऐंशी साली कुठल्याशा योजनेतून शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला. टाइपरायटरएवढं यंत्र, बटणं त्याच्याच अंगावर, शेजारी छोटा टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे मी पहिल्या बाकावर बसून सगळं लिहून घेतलं, आणि यंत्राला बोट लावायची वेळ आली की शेजारच्याला पुढे केलं. परत आल्यावर खोलीची किल्ली माझ्या खिशात गेली ती गेलीच. चपला बाहेर, बोलणं बंद, दर शनिवारी एका वर्गाला रांगेनं आत न्यायचं, लांबून दाखवायचं आणि दुसऱ्या दारानं बाहेर काढायचं. "बिघडलं तर जबाबदार कोण?" हे माझं ठरलेलं वाक्य. खरं म्हणजे मला त्या यंत्राची भीती वाटायची, आणि माझ्या भीतीला मी शिस्त म्हणत होतो.

शेवंतीबाई कार्यानुभव शिकवायच्या, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. चेंदणी कोळीवाड्यातल्या. आई मनुबाई बाजारात मासळी विकायची, वडिलांची खाडीत होडी. कार्यानुभव म्हणजे पाकिटं चिकटवणं आणि खडू पाडणं, असा आमच्याकडे समज होता. बाईंनी पहिल्याच वर्षी पाकिटं बंद केली. त्यांचे यजमान मानपाड्याला एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या भंगारातले स्विच आणि वायरी ते साहेबांना विचारून आणायचे, आणि त्यातून मुलं फळ्या तयार करायची. एका फळीवर आठ स्विच, आठ टॉर्चचे बल्ब. पहिला बल्ब एकाचा, दुसरा दोनाचा, तिसरा चाराचा, चौथा आठाचा, असं वाढत जायचं. तेरा दाखव म्हटलं की आठवीतली मंजुळा खटाखट तीन स्विच दाबायची आणि एक, चार नि आठाचा बल्ब लागायचा. कॉम्प्युटर आत असंच मोजतो, हे त्या मुलांना कॉम्प्युटरला हात न लावता कळलं होतं. फळी ज्यानं बिघडवली त्यानंच ती दुरुस्त करायची आणि तोवर कुणी त्याला रागवायचं नाही, असा बाईंचा नियम. मला तो नियम निव्वळ लाड वाटायचा.

शहाऐंशीच्या खंडेनवमीला शाळेतल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली. करवतीला, शिवणयंत्राला, प्रयोगशाळेतल्या तराजूला हळदकुंकू लागलं. मग माझ्या खोलीत कॉम्प्युटरची पूजा. दामाजी शिपाई म्हणाला, "सर, नारळ पायरीवर फोडू या ना."

"पूजा इथे आणि नारळ तिकडे? जा, तू उदबत्ती आण," मी म्हणालो.

तो गेला. मी यंत्रासमोर उभा राहून नारळावर कोयत्याचा घाव घातला. तो जरा जोरात बसला आणि सगळं पाणी बटणांमध्ये गेलं. दामाजी यायच्या आत मी रुमालानं पुसून वर खोळ घातली. दसऱ्यानंतर यंत्र लावून पाहिलं, तर निम्मी बटणं दाबून काही होईना. मी कुणाला सांगितलं नाही. खोलीला कुलूप लावलं, वायरिंगचं काम निघालंय म्हटलं, आणि तीन महिने तेच म्हणत राहिलो.

जानेवारीत पत्र आलं. पंधरा दिवसांनी तपासणी. मुलं यंत्र वापरत नसतील तर ते उचलून दुसऱ्या शाळेला देण्यात येईल. मुख्याध्यापिकांनी ते शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं आणि मला, लाज वाटते सांगायला, हायसं वाटलं. यंत्र गेलं की माझं पापही त्याच्याबरोबर जाणार होतं.

तेवढ्यात शेवंतीबाई म्हणाल्या, "माझी मुलं चालवून दाखवतील. आठल्ये सर, किल्ली द्या."

मंजुळा दारात उभी होती, हातात वही. भरती-ओहोटीचा प्रोग्राम तिनं वर्षभर कागदावर लिहून ठेवला होता. तो चालतो की नाही, हे तिला अजून ठाऊक नव्हतं, आणि यंत्र गेलं तर कधी कळणारही नव्हतं. तिची ती वही पाहून मला माझाच राग आला. बाईंना बाजूला नेऊन मी सगळं सांगून टाकलं.

त्या हसल्या नाहीत. "शहाळ्याचं की नारळाचं?" एवढंच विचारलं.

"नारळाचं."

"म्हणजे चिकटून बसलं असणार. आमच्या बाबांचा ट्रान्झिस्टर खाडीत पडलेला, दोनदा. असली वस्तू आमच्याकडे पुसत नाहीत सर, धुतात. पुसलं की मीठ आतच राहतं."

"अहो, हा ट्रान्झिस्टर नाही. सरकारी मालमत्ता आहे."

"पण मेलेली आहे ना?"

यंत्राच्या पोटाला एक चिकटपट्टी होती: कंपनीच्या माणसाशिवाय उघडू नये. बाईंनी स्क्रू काढले आणि ती फाटली. एसटी डेपोजवळच्या बॅटरीवाल्याकडून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं. मुलांनी घरून जुने टूथब्रश आणले आणि आतली सर्किटची हिरवी पाटी, बटणं, सगळं धुऊन काढलं. मी तपेली धरून उभा राहिलो. मग गच्चीवर धोतरावर सारं पसरलं आणि कावळ्यांनी काही उचलू नये म्हणून वर बाईंच्या घरचं मासे धरायचं जाळं घातलं. मनुबाई डबा द्यायला आल्या होत्या. वाळत घातलेला कॉम्प्युटर बघून त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "चार दिस उनान रव दे गो, घाई करू नको," म्हणाल्या आणि गेल्या.

पाचव्या दिवशी यंत्र लागलं. तीन बटणं मात्र गेली ती गेलीच, आणि त्यांत रिटर्नचं. ते दाबल्याशिवाय एकही ओळ आत जात नाही. मी डोक्याला हात लावला. मंजुळा म्हणाली, "बाई, बटण म्हणजे स्विचच ना? मग आपला लावू." त्यांनी मेलेल्या बटणांच्या टोकांना वायरी जोडून बाहेर काढल्या आणि फळीवर दारावरच्या घंटीची तीन बटणं बसवली. त्या संध्याकाळी भरतीचा प्रोग्राम पहिल्यांदा चालला. मंजुळा नुसती घंटी दाबत राहिली.

तपासणीला आलेले साहेब जाड चष्म्याचे आणि अबोल. मंजुळा त्यांना म्हणाली, "सर, तिथी सांगा."

"एकादशी."

तिनं अकरा टाकले आणि फळीवरची घंटी दाबली. टीव्हीवर भरतीची वेळ आली: पावणेनऊ.

"अकराला तिनानं गुणून चारानं भागायचं," ती म्हणाली. "सव्वाआठ येतात. आमची खाडी आत आहे म्हणून अर्धा तास जास्त. हे माझे आजोबा होडीवर तोंडी करतात."

साहेबांनी स्वतः दोन तिथ्या घालून पाहिल्या. मग घंटीच्या वायरीमागून त्यांची नजर यंत्राच्या पोटाशी गेली. फाटलेली पट्टी त्यांनी बोटानं उचलली.

"हे कुणी उघडलं?"

"मी," शेवंतीबाई म्हणाल्या.

"तुम्ही कायम आहात का?"

"नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांनी एक ओळ लिहिली असती तर बाई जूनपासून घरी आणि यंत्र दुसऱ्या शाळेत. मुलं माझ्याकडे बघत नव्हती. त्यांना नारळाचं माहीतच नव्हतं, बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी उभा राहिलो.

"बाईंनी दुरुस्त केलं. बिघडवलं मी. खंडेनवमीला यावर नारळ फोडला आणि तीन महिने लपवून ठेवलं."

साहेबांनी पट्टी सोडली आणि माझ्याकडे वळले.

"फोडतो आम्हीही ऑफिसात," ते म्हणाले. "पण पायरीवर."

आणि त्यांनी लिहिलं: यंत्र विद्यार्थ्यांच्या नियमित वापरात आहे.

त्या दिवसापासून किल्ली दाराबाहेर खिळ्याला. मंजुळाचा प्रोग्राम बाईंनी कॅसेटवर उतरवला, आणि जी शाळा मागेल तिला कॅसेटबरोबर एक वही द्यायला लागल्या. नक्कल करा, हवं ते बदला, काय बदललं ते नावानिशी वहीत लिहा आणि वही पुढे पाठवा, एवढीच अट. डोंबिवलीच्या मुलांनी वेळेत दहा मिनिटं वाढवली. मोहन्याच्या शाळेला भरतीशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी त्याच प्रोग्रामातून कुठल्या चाळीत नळाला किती वाजता पाणी येणार ते काढलं. वही सहा शाळा फिरून आली, तेव्हा तिला पुरवण्या जोडाव्या लागल्या होत्या. बाई दोन वर्षांनी कायम झाल्या. अठ्ठ्याण्णव साली शाळेत नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा कल्याणच्या कॉलेजातली मुलं बाईंना प्रोग्रामांची एक सीडी देऊन गेली. फुकट आहे, आत उघडून बघा, बदला, वाटा, म्हणाली. बाईंनी विचारलं, "आणि कुणी काय बदललं ते लिहायची वही?" तीही आतच आहे म्हटल्यावर त्यांनी सीडी ठेवून घेतली.

तपासणीनंतर मंजुळानं प्रोग्रामाच्या शेवटी एक ओळ घातली होती. भरतीची वेळ दाखवून झाली की इंग्रजी अक्षरांत यायचं: नारळ बाहेर फोडावा – एक सर. मी बाईंना म्हणालो, "ती ओळ काढायला सांगा."

"प्रोग्राम सगळ्यांचा आहे सर. तुम्हीच काढा."

म्हणजे मला यंत्रासमोर बसणं आलं. शाळा सुटल्यावर मंजुळाशेजारी बसून मी दोन महिने शिकलो, सत्तेचाळिसाव्या वर्षी, दोन बोटांनी. चुकायचो, आणि ती रागवायची नाही. एके दिवशी ती ओळ समोर आली. पुसायचं कसं ते आता येत होतं. पण मी "एक सर" एवढं पुसलं, तिथे एकेक अक्षर शोधून माझं पूर्ण नाव घातलं आणि घंटी दाबली.

वहीत लिहिलं: शेवटच्या ओळीत दुरुस्ती. सुधीर आठल्ये, खोपट.