अजून बसलं नाही

नळी उजेडाकडे धरायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "अजून बसलं नाही." आमच्या नाशिकच्या लॅबमधल्या मुख्य टेक्निशियन बाईंचं हे दिवसभर चालायचं. नळीतलं रक्त अर्धा तास नीट गोठल्याशिवाय त्या ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायला देत नसत. चहासुद्धा गाळ खाली बसल्यावरच पीत. अशा माणसाच्या हाताखाली तुम्ही काम केलं असेल, तर मी काय सोसलं ते तुम्हाला सांगायला नको.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पलीकडच्या गल्लीत दुसरी लॅब उघडली आणि आमच्या डॉक्टरांची झोप उडाली. थायरॉइडचा रिपोर्ट त्याच दिवशी द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी अंबडच्या कारखान्यातले आपले मेहुणे बोलावले. मेहुण्यांनी तिथे स्क्रू भरायचं काम दुप्पट वेगानं करून दाखवलं होतं. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ते दोन दिवस आमच्या मागे हिंडले. नळ्या अर्धा तास नुसत्या उभ्या असतात, हा त्यांना लागलेला मोठा शोध. दहा मिनिटं पुरेत, असा त्यांनी निकाल दिला.

"साहेब, स्क्रूला गोठायचं नसतं," बाई म्हणाल्या. मेहुण्यांनी ते वाक्य 'कर्मचाऱ्यांचा विरोध' या सदरात लिहून घेतलं.

रिपोर्ट भराभर जाऊ लागले. डॉक्टर खूश, पेशंट खूश, आणि खरं सांगतो, लवकर घरी जायला मिळत असल्यामुळे मीही खूश होतो.

एक दिवस कळवणकडची चार महिन्यांची गरोदर मुलगी नवऱ्याबरोबर आली. तिला थायरॉइडची गोळी चालू होती. गोळी जास्त होतेय, असा रिपोर्ट दुपारीच हातात पडला. "लय लवकर काम हाय तुमचं," नवरा कौतुकानं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी फ्रिजमधल्या उरलेल्या नळ्या तपासल्या. ही त्यांची रोजची सवय. त्या मुलीच्या नळीत वर सुटलेल्या पिवळसर सिरममध्ये जेलीसारखा धागा तरंगत होता. अर्धवट गोठलेलं रक्त फिरवलं की असा धागा राहतो, मशीनच्या सुईत अडकतो आणि आकडा खोटा येतो. बाईंनी तपासणी पुन्हा केली. गोळी जास्त नव्हती, कमी पडत होती. पहिल्या रिपोर्टवर ती बंद झाली, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूवर बेतणार होतं.

नळी कोणी फिरवली, असं डॉक्टरांनी विचारलं. "मी," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी बोभाटा नको म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात ती येईलच, तेव्हा बघू. आणि तिला सांगायला गेलात तर परत येऊ नका, असंही बजावलं.

त्या मुलीच्या घरी फोन नव्हता. बाईंनी रजिस्टरमधून पत्ता उतरवून घेतला, नवा रिपोर्ट पर्समध्ये घातला आणि कळवणची एसटी धरली. त्या परत आल्या नाहीत.

पाच-सहा महिन्यांनी तो नवरा पेढे घेऊन आला. मुलगी झाली होती, छान होती. तिकडच्या डॉक्टरांनी गोळी बंद केली होती; बाईंनी त्यांना गाठून ती पुन्हा सुरू करायला लावली, वाढवून. "त्या बाई कुठं हायेत?" त्यानं विचारलं. नोकरी सोडली, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, पेढा तोंडात टाकला आणि आमच्याकडे रिपोर्ट कसे झटपट मिळतात ते त्याला समजावू लागले.

ती नळी मी फिरवली होती. दहा मिनिटंही न थांबता. बाईंना ते माहीत होतं, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

त्यानं माझ्याही हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला.